जीन्स घरी ठेव, पंचा घे

प्रश्न: ताई, मी आणि माझी मैत्रीण जुलैमध्ये व्हिएतनाम, लाओस, कंबोडिया असं तीन आठवडे पाठीवर बॅग टाकून फिरणार आहोत. बजेट कमी म्हणून फक्त 7 किलोची केबिन बॅगच न्यायची ठरवलंय. आई म्हणते दोन जीन्स, स्वेटर, मोठा टॉवेल सगळं ने. मला वाटतं नागपूरचा उन्हाळा काढलेल्या माणसाला तिकडच्या गरमीचं काय कौतुक, पाच-सहा टीशर्टांत भागेल. नेमकं काय भरू?
- एक वाचक, धरमपेठ

उत्तर: अगं बाई, इथेच सगळे नागपूरकर फसतात, मीही फसले होते. आपला मे 45 वर जातो पण हवा कोरडी, दोरीवर टाकलेला शर्ट तासाभरात कडक होतो, म्हणून कपडे वाळणं हाही एक विषय असतो हे आपल्याला माहीतच नसतं. हनोईत जुलैत पारा 33-34 च दाखवतो, पण हवेत इतकी वाफ की घाम उडत नाही आणि घाम उडाला नाही की अंग थंड होत नाही, मग 45 वाला माणूस तिथे 33 मध्ये हाशहुश करत बसतो. त्यात पावसाचे दिवस. माझी जीन्स लाओसमध्ये लुआंग प्राबांगला भिजली ती तीन दिवस ओलीच, चौथ्या दिवशी वास यायला लागला, शेवटी तिथेच टाकून आले.

म्हणून प्रत्येक वस्तू हातात घेतली की एकच विचार, आज रात्री धुतली तर सकाळी घालता येईल का? जीन्स बाद. जाड टॉवेल बाद. जाड कॉटनचे टीशर्टही बाद, आणि हे ऐकून आपल्याकडच्या बायका माझ्याशी भांडतात, पण जाड कॉटन घाम पितं आणि धरून ठेवतं. जिममध्ये घालतात तसले पातळ सिंथेटिकचे तीन, एक सैल फुलबाह्यांचा शर्ट, दोन हलक्या पँटी, बस. त्यातली एक घोट्यापर्यंतची हवीच, कारण कंबोडियातल्या अंगकोरच्या मंदिरांत गुडघे आणि खांदे झाकलेले लागतात.

टॉवेलच्या जागी आपला साधा पंचा, आजोबा वापरायचे तोच, इतवारीत सहज मिळतो. अंग पूस, डोक्याला बांध, आणि खरी करामत म्हणजे धुतलेला शर्ट कोरड्या पंच्यात गुंडाळून जोरात पीळ, निम्मं पाणी पंचा ओढून घेतो आणि मग शर्ट पंख्याखाली रात्रभरात वाळतो. त्यासाठी चार मीटर नायलॉनची दोरी आणि सहा चिमटे घे, वजन काहीच नाही. स्वेटर नको पण पातळ जॅकेट असू दे, रात्रीच्या स्लीपर बसमध्ये एसी असा सोडतात की दात वाजतात.

बॅगेच्या रेन कव्हरवर विसंबू नको, पाठीकडून पाणी आत शिरतंच. बॅगेच्या आत एक मोठी जाड प्लास्टिकची पिशवी अंथर, सामान त्यात, तोंड पिळून बंद. डॉलर सपाट झिप पिशवीत ठेव, कंबोडियात डॉलर सर्रास चालतात पण जराशी फाटलेली नोट कोणी घेत नाही. बूट एकच जोडी किंवा मागून पट्टा असलेली सँडल, ओल्या मोज्यांत दिवसभर फिरलीस तर बोटांच्या बेचक्यात बुरशी ठरलेली, अँटिफंगल पावडर घे. होस्टेलच्या लॉकरसाठी स्वतःचं छोटं कुलूप. ठेचा न्यायचा असेल तर 100 मिलीच्या आतल्या डबीत, पातळसर काहीही सिक्युरिटीवाले लिक्विडमध्येच धरतात, माझा तिथेच गेला 😅

प्रश्न: त्याच मुलीची आई बोलतेय. औषधं काय देऊ? रात्री मच्छरदाणी पुरेल का?

उत्तर: काकू, नुसती मच्छरदाणी नाही पुरणार, डेंगूचा एडिस डास दिवसा चावतो, विशेष करून सकाळी आणि संध्याकाळच्या आधी. ओडोमॉससारखं क्रीम दिवसाही लावायला सांगा, आधी सनस्क्रीन आणि त्यावर हे. ताप आला तर फक्त पॅरासिटामॉल, आयबुप्रोफेन किंवा अ‍ॅस्पिरिन नाही, कारण डेंगू असला तर त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो, आणि ताप उतरला नाही तर डॉक्टर. ओआरएसची पाकिटं द्या, मोठी पाकिटं एक लिटर पाण्याची असतात, पाकिटावर लिहिलंय तेवढं पाणी घ्या, ग्लासात अख्खं मोठं पाकीट ओतू नका म्हणावं. नेहमीच्या गोळ्या मूळ स्ट्रिपमध्ये आणि सोबत प्रिस्क्रिप्शन. मलेरियाच्या गोळ्या लागतील का ते कुठल्या भागात जाणार त्यावर आहे, ते निघायच्या महिनाभर आधी डॉक्टरांना विचारा, आणि रेबीजच्या लसीचंही तेव्हाच विचारून घ्या, कारण मंदिरांजवळ माकडं असतात. माकड किंवा कुत्रा चावलाच तर जखम 15 मिनिटं साबणाने धुवायची आणि त्याच दिवशी दवाखाना.

प्रश्न: 20000 एमएएचची पॉवर बँक विमानात चालते का? आणि आपला प्लग तिकडे बसतो का?
- एक विद्यार्थी, महाल

उत्तर: नेता येते भाऊ. आतल्या बॅटरीच्या 3.7 व्होल्टने हिशोब केला तर 74 वॅट-अवर होतात, मर्यादा 100 ची आहे. पण केबिन बॅगेतच, चेक-इनमध्ये अजिबात नाही, आणि पॉवर बँकेवर छापलेला आकडा खोडला गेला असेल तर अडवतात. मोबाईलचा दोन गोल पिनांचा चार्जर तिन्ही देशांत बसतो, व्होल्टेजही आपल्यासारखंच 220-230. लॅपटॉपची जाड तीन पिन मात्र बसत नाही, त्यासाठी अ‍ॅडॉप्टर सीताबर्डीतूनच घेऊन जा, एअरपोर्टवर दुप्पट पैसे पडतात.