घोडा मान झटकतोय? आधी दात बघा

एकाच बाजूला वळताना मान झटकतो म्हणून घोड्याला हट्टी ठरवू नका. घोड्याचे दात वर्षाला साधारण २-३ मिलिमीटर वर येत राहतात आणि चघळताना झिजतात. वरचा जबडा खालच्यापेक्षा रुंद, त्यामुळे वरच्या दाढांच्या बाहेरच्या कडेला धार येते आणि गाल सोलवटतो. मग लगाम ओढला की कळ उठते, घोडा पाठ ताठ करतो, पावलं आखडतात.

सध्या एवढंच बघा:
- अर्धवट चघळलेल्या गवताचे बोळे खाली पडतात का?
- लिदीत लांब काड्या दिसतात का?
- तोंडाला घाण वास?

अजून कडक लगाम लावणं ही नवख्यांची ठरलेली चूक. स्वतः तोंडात हात घालून दाढा चाचपू नका, बोटं जातील! वर्षातून एकदा पशुवैद्याकडून तपासून घ्या. पाच वर्षांखालचा असेल तर दोनदा, कारण दुधाचे दात तेव्हा पडत असतात.