जॅझचे पलटे: सुरुवातीला एवढंच धरा

सांगलीत चौघे जमून गिटारवर जॅझ शिकताय आणि सुरुवात कशी करायची विचारलंत, उत्तम. पहिला महिना कॉर्डची (एकत्र वाजणाऱ्या सुरांची) एकच चाल घ्या: डी मायनर सेव्हन एक बार (चार मात्रा), जी सेव्हन एक, सी मेजर सेव्हन दोन. प्रत्येक कॉर्डवर १-२-३-५ हा पलटा, म्हणजे कॉर्डच्या मूळ सुरापासून पहिला, दुसरा, तिसरा, पाचवा सूर. सी म्हणजे सा धरलात तर रे ग म ध, प ध नी रे, सा रे ग प. पेटीवर अलंकार घोटलेल्याला हे लगेच कळेल. आधी गा, मग वाजवा. नाहीतर फक्त बोटांना आकार पाठ होतो, कान कोराच राहतो.

मेट्रोनोम (लयीची टिकटिक देणारं यंत्र) ४० वर ठेवा आणि टिक दुसऱ्या-चौथ्या मात्रेवर धरा, म्हणजे लय ८० होते.

नेहमीच्या चुका:
- सगळे एकदम कॉर्ड वाजवतात आणि खालच्या सुरांचा नुसता गाळ होतो. कॉर्ड एकानेच धरायची, तीही मधल्या चार तारांवर. दुसरा चार बार पलटे वाजवेल, बाकीचे मोठ्याने मात्रा मोजतील. मग पाळी बदला.
- प्रत्येक पलटा पहिल्या मात्रेवरच सुरू होतो. मुद्दाम एक मात्रा सोडा.

जी सेव्हनमधला म सी मेजरच्या ग वर उतरतो, तिथे कान लावा. बारा पट्ट्या, आल्टर्ड स्केल (बदललेल्या सुरांचं सप्तक) आत्ता नकोच. चौघांनाही सीची ही पट्टी न अडखळता जमली की एफची पट्टी घ्या.