वास गेला म्हणजे औषध गेलं का?

प्रश्न: मी ५ महिन्यांची प्रेग्नंट आहे, दीड वर्षाचा मुलगा पण आहे. झुरळांसाठी सासूबाई रोज स्प्रे मारतात, वास गेला की झालं म्हणतात. चालतं का?

उत्तर: नाही हो ताई! वास जातो पण औषध फरशीवर, खेळण्यांवर बसून राहतं आणि मूल तेच हात तोंडात घालतं, शिवाय वजनाच्या मानाने ते मोठ्यांपेक्षा जास्त हवा आत घेतं. काही औषधं तर वारेतून (प्लासेंटातून) पोटातल्या बाळापर्यंत पोचतात. अमेरिकेत क्लोरपायरिफॉस या कीटकनाशकाची घरगुती विक्री २००१ मधे जवळपास बंदच केली ती मुलांच्या काळजीपोटीच. स्प्रे थांबवा, फटी बुजवा, सिंकखालचं गळणं दुरुस्त करा, झुरळांचं जेल लावायचंच तर मुलाचा हात पोचणार नाही तिथे, आणि ते दुसऱ्या कुणीतरी लावू दे, तुम्ही नको.