यांगूनच्या सिनेगॉगमध्ये दहा जण का जमत नाहीत?

प्रश्न : म्यानमारमध्ये युद्धाआधी सुमारे अडीच हजार ज्यू होते, आता वीसेक उरलेत, असं वाचलं. त्यांचा छळ झाला का? आपल्या कोकणातल्या बेने इस्राएलांचा त्यांच्याशी काही संबंध होता का?
— एक वाचक, अलिबाग

उत्तर : बर्मी लोकांनी हाकललं म्हणून ही वस्ती उठली नाही. हे बहुतेक बगदादी ज्यू, इंग्रजी अमदानीत व्यापारासाठी आलेले. डिसेंबर १९४१मध्ये जपान्यांनी रंगूनवर (आजच्या यांगूनवर) बॉम्ब टाकले आणि बहुतेकांनी कलकत्त्याची वाट धरली. युद्ध संपल्यावर थोडेच परतले. तेवढ्यांवरही वस्ती तगली असती. स्वतंत्र बर्माचे इस्रायलशी संबंध उत्तम होते, पंतप्रधान ऊ नू १९५५मध्ये तिथे जाऊन आले होते. पण १९६२मध्ये जनरल ने विन यांनी सत्ता घेतली आणि पाठोपाठ दुकानं, बँका, पेढ्या सरकारजमा झाल्या. व्यापारावरच पोट असलेली माणसं मग कशाच्या बळावर राहणार? हाच घाव तिथल्या भारतीयांवरही बसला. १९६९मध्ये शेवटचा रब्बी, म्हणजे ज्यू धर्मगुरूही, गेला.

खरी अडचण पुढे सुरू झाली. सामुदायिक प्रार्थनेला, तोराच्या (ज्यूंच्या पवित्र ग्रंथाच्या) जाहीर वाचनाला तेरा वर्षांवरचे किमान दहा ज्यू पुरुष लागतात. त्याला मिन्यान म्हणतात. वस्ती वीस जणांची, त्यात बायका-मुलं आली, म्हणजे दहाचा आकडा भरत नाही. त्यामुळे २६व्या रस्त्यावरच्या मुस्मेआ येशुआ सिनेगॉगची, म्हणजे तिथल्या ज्यू प्रार्थनास्थळाची, भिस्त परदेशी प्रवाशांवर राहिली. करोना आणि २०२१चा लष्करी उठाव यांनी तेही येईनासे झाले.

इथे पूर्वी तोराच्या १२६ गुंडाळ्या होत्या असं सांगतात. आता दोन आहेत. बगदादी रिवाजाप्रमाणे तोराची गुंडाळी कडक डब्यात उभी असते आणि ती तशी उभी ठेवूनच वाचतात. कातड्यावर हातानं लिहिलेली तीन लाखांवर अक्षरं. त्यातलं एक जरी पुसलं, तरी दुरुस्तीपर्यंत ती वाचनाला चालत नाही. यांगूनच्या पावसाळ्यात कातडं ओल धरतं, शाईचे पापुद्रे सुटतात, आणि ते नीट करणारा सोफेर, म्हणजे तोरा लिहिणारा लेखनिक, तिथे नाही.

आता बेने इस्राएल. ते रंगूनमध्ये होते, आणि त्यांना मान मिळाला नाही हे सांगितलंच पाहिजे. याच सिनेगॉगच्या कारभारात बगदाद्यांनी त्यांना मताचा हक्क नाकारला. प्रकरण १९३०च्या दशकात रंगून हायकोर्टात गेलं आणि निकाल बेने इस्राएलांच्या बाजूनं लागला. त्यानंतर जेमतेम सहा-सात वर्षांत भांडणारे दोघेही निर्वासित झाले.

प्रश्न : सिनेगॉग आतून बघताना काय पाळावं?
— एक वाचक, ठाणे

उत्तर : पुरुषांनी डोकं झाकावं. प्रार्थनेच्या वेळी बायका वरच्या सज्जात बसतात. तोरा ठेवायचं कपाट, हेखाल, पश्चिमेच्या भिंतीला असतं, कारण जेरुसलेम तिकडे. मधला कठडेबंद चौथरा वाचनाचा, त्यावर विनापरवानगी चढू नये. शनिवारी कॅमेरा बाहेर काढू नये.