सोलापुरातून अमेरिकेत संगणकशास्त्राचं प्राध्यापक व्हायचं असेल तर

पीएचडीचे बहुतेक अर्ज १ ते १५ डिसेंबरदरम्यान बंद होतात. केगावला सोलापूर विद्यापीठात ट्रान्सक्रिप्टसाठी (सगळ्या सत्रांच्या गुणांच्या अधिकृत नोंदीसाठी) जूनमध्येच अर्ज टाक, दिवाळीची वाट बघू नकोस.

खरी गोम शिफारसपत्रांत आहे. सहसा तीन लागतात. ‘विद्यार्थी हुशार, वक्तशीर, कष्टाळू’ एवढंच लिहिलेलं पत्र निवड समितीला काहीच सांगत नाही, आणि चांगले गुण असूनही अर्ज मागे पडतो. पत्र लिहिणाऱ्या सरांना अर्ध्या पानाचं टिपण दे: प्रश्न कोणता घेतलास, प्रोग्रॅम कुठे अडला, काय बदललंस, वेळ किती सेकंदांनी घटला.

फी भरून पीएचडी अजिबात करू नकोस. चांगल्या विभागांत फी माफ होते, वर स्टायपेंड मिळतो. पुढे विद्यापीठाच्या नोकरीला एच-१बी या नोकरीच्या व्हिसाची लॉटरी आड येत नाही. टेन्युअरचा (प्राध्यापक म्हणून कायम होण्याचा) निकाल साधारण सहाव्या वर्षी लागतो, तिथेही बाहेरच्या प्राध्यापकांची पत्रं मागवतात.