तळ्यात जिताडा गरवायला पहिल्यांदा जाताना

अलिबागकडच्या खासगी तळ्यात मित्रांसोबत जिताडा मासा गरवायला (गळाने पकडायला) निघालायस, मस्त! किती मासे न्यायचे ते तळ्याच्या मालकाशी आधीच बोलून घे.

- आमिष जिवंत कोलंबीचं. गरी (गळाचा आकडा) शेपटीजवळून ओव, म्हणजे कोलंबी हलत राहते.
- वेळ पहाटेची किंवा तिन्हीसांजेची.
- गरीच्या वर हातभर लांबीचा जाड तंगूस (गळाचा दोरा) हवाच. जिताड्याच्या कल्ल्याची कड ब्लेडसारखी. बारीक तंगूस कापला जातो, बोटंही. कल्ल्यात हात घालू नकोस, पक्कडीने गरी काढ.

नवखे हमखास चुकतात ते मासा उडी मारतो तेव्हा. घाबरून जोरात ओढतात आणि गरी निसटते. उडी दिसली की रॉडचं टोक खाली घे, तंगूस मात्र ढिला सोडू नकोस. रिळं, नकली आमिषं सगळं नंतर बघू.