अप्रेझलमधलं टोचलेलं वाक्यच का लक्षात राहतं?

अर्धा तास मीटिंग झाली, साहेबांनी कौतुकही केलं असं सोबत बसलेल्या एचआरच्या मॅडम सांगतात, पण तुम्हाला आठवतं ते एकच वाक्य: ‘डेडलाइन पाळत नाही.’ काळजी करून करून स्मरणशक्ती बिघडली का, असं तुम्ही विचारलंय.

तुम्ही लिहिलंय त्यावरून तरी तसं वाटत नाही. क्रिस्टिन मिटे या संशोधिकेनं २००८ साली याच विषयावरचे १६५ अभ्यास एकत्र करून तपासले. त्यांत एकूण ९,०४६ माणसं होती. ‘आठवेल ते सांगा’ म्हटलं की चिंताग्रस्त माणसांच्या तोंडी भीतीदायक गोष्टी जास्त येतात. पण तीच गोष्ट समोर ठेवून ‘ही आधी पाहिली होती का?’ विचारलं, तर त्यांच्यात आणि इतरांत म्हणण्यासारखा फरक राहत नाही. चिंताविकाराचं निदान झालेले रुग्ण आणि नुसतेच काळजीखोर स्वभावाचे लोक, यांच्यातही नाही. मला यातून दिसतं ते असं की कौतुक बहुधा डोक्यात आहे, फक्त आपणहून वर येत नाही. (यातले बरेचसे प्रयोग शब्दांच्या याद्यांवर झालेत, साहेबांच्या चेहऱ्यावर नव्हे, एवढं ध्यानात ठेवा.)

थोडा भाग मात्र खरोखरच गेला असेल. धसका बसला की लक्ष आकसतं. लुटमारीतल्या साक्षीदाराला पिस्तूल आठवतं, चेहरा आठवत नाही, तसं. डेडलाइनच्या वाक्यानंतरची दोन-चार वाक्यं तुमच्या कानावर पडली, पण आत शिरलीच नसतील.

खरं नुकसान पुढे होतं, रात्री तेच वाक्य घोळवताना. अँडरसन आणि ब्यॉर्क दांपत्य या तीन मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये दाखवलं की एका विषयातल्या काहीच गोष्टी पुन्हा पुन्हा आठवल्या, तर त्याच विषयातल्या बाकीच्या आठवायला जड जातात. घोळवण्यानं टीका पक्की होते आणि शेजारचं कौतुक आणखी मागे सरतं.

म्हणून ‘साहेब काय म्हणाले?’ असं स्वतःला विचारूच नका. उत्तर ठरलेलं आहे. मोघम नको, नेमकं विचारा: क्लायंटच्या कामाबद्दल काय बोलले? नव्या मुलांना शिकवलं त्याबद्दल? मॅडमकडून मुद्दे मेलवर मागवून घ्या, वाचताना ‘हो, हे म्हणाले होते’ असं बरंच काही निघेल. डेडलाइनचं वाक्यही त्यात असेलच, कारण ते खरंच बोललं गेलंय. नेमकी कुठली डेडलाइन, हे साहेबांनाच विचारा.